आम्ही की आपण?

सरकारी नोकराचे गाव कोणते, हे त्याला विचारू नये. त्याच्या सेवापुस्तकात पाहावे. रजा-प्रवास सवलतीसाठी प्रत्येकास आपले मूळ गाव लेखी जाहीर करावे लागते, आणि एकदा जाहीर केलेले गाव साऱ्या नोकरीत फार तर एकदाच, तेही खातेप्रमुखांची खात्री पटली तरच, बदलता येते. आमच्या सेवापुस्तकात ‘वाई, जिल्हा सातारा’ अशी नोंद आहे. वाईचे घर वडिलांच्या मागे विकले गेले. आता तेथे गेलो की आम्ही लॉजमध्ये उतरतो, ढोल्या गणपतीचे दर्शन घेतो, कृष्णेच्या घाटावर तासभर बसतो आणि तिकिटे जपून ठेवून परत येतो. कारण बिलास ती जोडावी लागतात. तरीही ‘आपण कोठले?’ असे कोणी विचारले तर ‘वाईचे’ हे उत्तर आमच्या तोंडून विचार न करता निघते. त्यासाठी आजवर आमच्याकडे कोणी पुरावा मागितलेला नाही. यातही काही भाग्य असते, हे आम्हांस अलीकडे एका परक्या मुलीमुळे कळले. तिला परकी म्हणावे की नाही, याचा निकाल मात्र आमच्याने अद्याप लागलेला नाही.

चार वर्षांपूर्वी आमची बदली चंदीगडास झाली. उच्च श्रेणी लिपिकाच्या पगारात चंदीगडात बिऱ्हाड करणे जड जाते, म्हणून आम्ही शेजारच्या मोहालीत, ऐंशी क्रमांकाच्या सेक्टरात दोन खोल्या घेतल्या. लगतच्या गावाचे नाव मौली बैदवान. पहिला महिनाभर आमची सौभाग्यवती ते ‘माउली’ असेच म्हणत असे, आणि रिक्षावाल्यांनी कधी तक्रार केली नाही. त्याच्या पलीकडे एक्याऐंशी क्रमांकाचा सेक्टर, म्हणजेच ‘नॉलेज सिटी’. विज्ञानाचे शिक्षण व संशोधन करणारी केंद्र सरकारची मोठी संस्था २००७ साली स्थापन झाली, ती येथे आहे. अब्जांश तंत्रज्ञानाची एक आहे, शेती-अन्नाच्या जीवतंत्रज्ञानाची एक आहे, आणि व्यवस्थापन शिकवणारी एक आहे. ज्ञानाची नगरी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पैठण उभे राहते. येथे रुंद रस्ते, लांबलचक कुंपणे आणि प्रत्येक फाटकाशी ओळखपत्र तपासणारा पहारेकरी. संध्याकाळी आम्ही कन्येस घेऊन त्या कुंपणाकडेने फिरावयास जात असू. आत काय चालते ते आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याचे कारणही नव्हते.

आमच्या शेजारचे गृहस्थ तेथील एका संस्थेच्या लेखा विभागात आहेत. एके रविवारी ते एका मुलीस घेऊन आले. वय पंचविशीच्या आसपास, कर्नाल जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी, मानव्यविद्येत पीएच. डी. साठी संशोधन करणारी. विज्ञानाच्या संस्थांतही हल्ली असा एखादा विभाग असतो. तिच्या पिशवीत ‘भाऊसाहेबांची बखर’ होती. छापील पुस्तकाची झेरॉक्स. ‘मला ही वाचून दाखवाल का?’ असे तिने हिंदीत विचारले. देवनागरी अक्षरे तिला लागत होती. अर्थ लागत नव्हता. खरे सांगावयाचे तर बी. ए. ला इतिहास घेऊनही आम्ही ती बखर मुळातून कधी वाचलेली नव्हती. परंतु परमुलखात मराठी पुस्तक हाती घेऊन कोणी दाराशी आले तर ‘आम्हांसही येत नाही’ असे म्हणणे जिवावर येते. दर रविवारी सकाळी दहाला वाचन, आणि त्या बदल्यात तिने आमच्या तिसरीतल्या कन्येस गणित शिकवावयाचे, असे ठरले.

दुसऱ्या रविवारी कळले की ती ‘रोड’ समाजाची. त्या ‘ड’खाली टिंब समजावे, रस्त्याशी त्याचा संबंध नाही. हरियाणातील कर्नाल, कुरुक्षेत्र, कैथल, पानिपत या जिल्ह्यांत हा शेती करणारा समाज आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संहारातून वाचलेले मराठे आसपासच्या रानात लपले, जीव वाचविण्यासाठी त्यांनी आपली ओळख बदलली, आणि त्यांचेच आम्ही वंशज, असे या समाजातील पुष्कळजण आज मानतात. कोल्हापूरचे इतिहासाचे अभ्यासक डॉ. वसंतराव मोरे यांनी या मताचा पाठपुरावा केला. पानिपतजवळ काला आंब येथे दर वर्षी १४ जानेवारीस शौर्यदिन होतो, त्याला महाराष्ट्रातून मंडळी येतात. २०२५ साली आपले मुख्यमंत्रीही आले होते. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोस नीरज चोप्रा यांनी भालाफेकीत सुवर्णपदक मिळविले, तेव्हा ते पानिपत जिल्ह्यातील खांद्रा गावचे आणि रोड समाजाचे, ही बातमी मराठी वर्तमानपत्रांनी केवढ्या हर्षाने छापली ते वाचकांस आठवत असेल. आमच्या कचेरीतल्या एका मराठी सहकाऱ्याने त्याच दिवशी चोप्रांचे चोपडे करून पेढे वाटले होते. पेढे आम्हीही खाल्ले.

म्हणून ती रोड आहे असे कळताच आम्ही उद्गारलो, ‘म्हणजे तू आमचीच!’ ती हसली नाही. ‘दादा, तेच तर शोधते आहे,’ एवढेच म्हणाली. (‘दादा’ हे तिने आमच्या कन्येच्या एका गोष्टीच्या पुस्तकातून उचलले. तिच्या बोलीत दादा म्हणजे आजोबा, हे पुढे तिच्या गावी गेल्यावर कळले, आणि तेथे त्यावर बराच हशा झाला.)

बखरीचे वाचन मुंगीच्या पावलाने चाले. आपल्या भाषेत पानिपत हे गाव नव्हेच. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आहे, आणि ‘विश्वास तर पानिपतावरच गेला’ असे आपण मनुष्यस्वभावास उद्देशून म्हणतो. तिच्या घरी पानिपत म्हणजे लग्नाआधी ब्लँकिटे घ्यावयास जाण्याचे ठिकाण. ज्या समाजाचे पूर्वज त्या रणात पडले असे म्हणतात, त्याच्या तोंडी त्या रणाची एकही म्हण नसावी, आणि साताऱ्याकडच्या बायकांनी विहिरीवर ती वापरावी, ही गोष्ट तिने आपल्या वहीत टिपून घेतली. दत्ताजी शिंद्यांची कथा आली. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर मरणाच्या दारात त्यांनी दिलेले उत्तर मराठी शाळेतल्या पोरासही पाठ असते. ती एका शब्दावर थांबली. ‘यात और आहे!’ असे म्हणून तिने त्याखाली दोन रेघा ओढल्या.

‘और’वर एवढे थांबण्यासारखे काय, असे आम्हांस वाटले. तेव्हा तिने आपल्याजवळचे दुसरे कागद काढले. १८८१ च्या जनगणनेनंतर पंजाबातील जातीजमातींविषयी डेन्झिल इबेटसन या इंग्रज अधिकाऱ्याने मोठा अहवाल लिहिला. तो कर्नालच्या जमाबंदीच्या कामावरही होता, म्हणजे या गावांतून फिरलेला. रोडांचे मूळ ठाणे ठाणेसरच्या दक्षिणेच्या पळसाच्या रानात, त्यांची नावाला चौऱ्याऐंशी गावे, त्यांत अमीन हे मुख्य, असे तो सांगतो. हे लोक स्वतःस रजपूत म्हणवितात, आणि बहुतेक सारे रोहतककडील बादलीहून आल्याचे सांगतात, असेही नोंदवतो. आणि त्यांची एक दंतकथा देतो. परशुराम क्षत्रियांचा संहार करीत आला तेव्हा त्यांच्या पूर्वजास त्याने विचारले, ‘तू कोण?’ पूर्वज म्हणाला, ‘और.’ म्हणजे, ‘मी दुसरा, तुम्ही शोधता तो नव्हे.’ त्या ‘और’वरून ही जात.

आमच्याकडे परशुरामाने समुद्र हटवून कोकण दिले. तिच्याकडे त्याने नाव विचारले आणि नाव पळवून लावले. देवांच्या कारभारातही विभागवार फरक असतात.

‘मराठ्यांचा उल्लेख?’ आम्ही विचारले.

‘या नोंदीत नाही.’

आम्हांस जरा वाईट वाटले. आमची सारी नोकरी पुराव्याच्या कागदांत गेली आहे. जन्मतारखेचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी, साक्षांकित प्रत. अर्जदार समोर उभा असला तरी तो हयात असल्याचा दाखला मागणारे आम्ही. पण येथे मात्र कागद आमच्या बाजूने बोलत नाही म्हटल्यावर आम्ही त्या कागदाच्या विरुद्ध बोलू लागलो. इंग्रजाला काय कळते, लपलेला माणूस सरकारी अधिकाऱ्यास खरे कशाला सांगेल, वगैरे. ती म्हणाली, ‘बरोबर आहे. पण लपला होता म्हणून सापडत नाही, हे म्हणणे कोणत्याही माणसाविषयी करता येते.’ मग तिने आणखी एक अभ्यास सांगितला. २०१८ साली मानवी आनुवंशिकीच्या एका अमेरिकन नियतकालिकात वायव्य भारतातील समाजांविषयी एक निबंध आला. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातून कांस्ययुगात पसरलेल्या लोकांशी रोडांचे साम्य त्यात विशेष ठळक आढळले आहे. म्हणजे रक्त बोट दाखविते ते दख्खनेकडे नव्हे. ‘तथापि’, आणि हा ‘तथापि’ तिचाच, ‘काही शेकडा जखमी शिपाई चार गावांतून मिसळून गेले असतील तर ते अशा तपासणीत दिसतीलच असे नाही. थोडक्यात, मी प्रबंधात एवढेच लिहू शकते की पुरावा पुरेसा नाही. आणि नाही हे सिद्ध करण्यासही पुरेसा नाही.’

‘मग प्रबंध कशाचा?’

‘माझे आजोबा स्वतःस मराठा म्हणत नव्हते. वडील म्हणतात. या दोघांच्या मध्ये काय झाले, त्याचा.’

हे ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. शेजवलकरांनी पानिपतावर १९४६ साली इंग्रजीत व १९६१ साली मराठीत लिहिले, विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ साली आली. आपण मराठी माणसे पानिपत पुनःपुन्हा लिहितो, कारण ते आपले दुःख आहे अशी आपली पक्की समजूत असते. आपण कोणाचे दुःख वाहतो आहोत हेच जिला ठाऊक नाही, अशा मुलीशी त्याविषयी बोलण्याचा आम्हांस सराव नव्हता.

वहीच्या मागल्या बाजूने ती कविता लिहीत असे, हिंदीत. पुढल्या बाजूने टिपणे व मागल्या बाजूने कविता. मध्ये दहा-बारा कोरी पाने उरली होती. आम्ही विनोदाने म्हटले, ‘दोन्ही बाजू भेटतील तेव्हा काय?’ पुढच्या रविवारी तिने त्याचे उत्तर म्हणून एक इंग्रजी काव्यसंग्रह आणून दिला. कवी क्रेग सांतोस पेरेझ, प्रशांत महासागरातल्या गुआम बेटाचा, १९८० चा जन्म. तेथील मूळ लोकांस चामोरु म्हणतात. रोमन लिपीत ते हल्ली पहिली दोन अक्षरे मोठी काढतात, कारण त्यांच्या वर्णमालेत ती दोन मिळून एकच वर्ण. देवनागरीत हा प्रश्न एका ‘च’ने मिटतो, पण त्यांची लढाई रोमन लिपीत चालली आहे. हे बेट सतराव्या शतकात स्पेनच्या मिशनऱ्यांच्या व शिपायांच्या ताब्यात गेले, १८९८ मध्ये अमेरिकेकडे आले, १९४१ ते १९४४ जपान्यांखाली होते. अमेरिकन आरमाराच्या अमलात शाळेच्या आवारात स्वभाषा बोलण्याची मनाई होती. १९५० मध्ये नागरिकत्व मिळाले. परंतु तेथे राहणाऱ्यास राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. कायद्याच्या भाषेत ते ‘असमाविष्ट प्रदेश’, म्हणजे अमेरिकेच्या मालकीचे पण अमेरिकेत न धरलेले. याच शब्दांवरून या कवीने आपल्या संग्रहमालेचे नाव ठेवले. पहिला संग्रह २००८ साली, तो कॅलिफोर्नियात पदव्युत्तर संशोधन करीत असताना, निघाला. पुढे त्याने चामोरु काव्यावर समीक्षाग्रंथही लिहिला, आणि २०२३ साली मालेतील एका संग्रहास अमेरिकेतील राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळाले. आडनावे स्पेनची, पारपत्र अमेरिकेचे, आजी बेटावरची. त्याच्या पानांवर सरकारी कागदांचे तुकडे, नकाशे, आजीच्या आठवणी आणि स्वभाषेतले सुटे शब्द शेजारी शेजारी विखुरलेले असतात. आम्हांस निम्मे कळले नाही. पण प्रबंध आणि कविता हा माणूस एकाच वहीत लिहितो, हे तिने आम्हांस दाखविले, आणि ते मात्र कळले.

जाता जाता तिने सांगितले की चामोरु भाषेत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत भेद आहे. ऐकणाऱ्यास धरून बोलावयाचे तर ‘हिता’, त्याला वगळून बोलावयाचे तर ‘हामी’. आम्ही जवळजवळ उठून उभे राहिलो. ‘अग, हे तर आमचेच! आम्ही, हामी!’ आणखी अर्धा तास मिळता तर आम्ही सदाशिवरावभाऊंचे एखादे पथक गुआमलाही नेऊन बसविले असते. तिने शांतपणे विचारले, ‘मराठीत खरेच हा भेद आहे?’ मग तिला समजावून दिले. बायको माहेरच्या माणसांशी बोलताना ‘आम्ही सिनेमाला गेलो होतो’ म्हणते तेव्हा माहेर वगळलेले असते. ‘आपण सिनेमाला जाऊ’ म्हटले की तिकिटांची संख्या वाढते. हिंदीच्या ‘हम’मध्ये दोन्ही कोंबून बसविलेली असतात. तिने लगेच विचारले, ‘मग तुम्ही लेखात आम्ही, आम्ही लिहिता, त्यात वाचक असतो की नसतो?’

आमचे दोन-चार लेख मराठी मासिकांत आलेले तिने पाहिले होते. आम्ही म्हणालो, तो लेखकाचा संकोच आहे. ‘मी’ म्हणणे उद्धट वाटते, म्हणून. ती म्हणाली, ‘पण मग संकोचात वाचक बाहेरच राहिला.’ या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अजून सापडलेले नाही, आणि आता सवय जाणार नाही.

माघ महिन्यात आम्ही सहकुटुंब तिच्या गावी गेलो. अंबाल्यावरून शहाबाद, पिपली, नीलोखेडी, तरावडी असा तो हमरस्ता. मोहरीची शेते पिवळी झाली होती. घरी दोन खाटा उन्हात टाकलेल्या, हुक्का, मोठा गोतावळा. भिंतीवर हनुमंताच्या कॅलेंडरशेजारी शिवाजी महाराजांची तसबीर. तिला हार ताजा होता. आमच्या सौभाग्यवतीच्या डोळ्यांत पाणी आले. तेलुगू, बंगाली, पंजाबी शेजाऱ्यांत अकरा वर्षे काढलेल्या बाईने परक्या अंगणात महाराजांची तसबीर अकस्मात पाहावी, म्हणजे काय होते, ते बदलीच्या गावी संसार केलेल्या वाचकांस सांगावयास नको.

जेवणात चुरमा होता, बाजरीची रोटी, सरसोंचा साग, वर तूप. आजी ताटापुढून हलत नव्हत्या. बोलता बोलता त्या कोणाला तरी म्हणाल्या, ‘आपां एक ए सां.’ आपां! आम्ही चमकून आमच्या शिष्येकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, ‘दादा, ते मोहालीचा दूधवालाही म्हणतो. पंजाबीत आहे, राजस्थानीत आहे, गुजरातीतही अशीच जोडी आहे. त्यावर काही उभे करू नका.’ आम्ही मान डोलावली. आम्ही त्यावर काही उभे करणार नव्हतो.

मग तिच्या वडिलांनी हुक्का बाजूस सारला आणि विचारले, ‘बाबूजी, तुम्ही मराठी, त्यात सरकारी माणूस. तुम्हीच सांगा, आम्ही तुमचे आहोत की नाही?’

अंगणात पंधरा-वीस माणसे होती. कचेरीत असा प्रश्न आला असता तर ‘तपासून कळविण्यात येईल’ असे आम्ही निमिषात म्हणालो असतो. तेवीसाव्या वर्षापासून दुसरे काही म्हटलेले नाही. येथे मात्र समोर तूप घातलेले ताट होते, वर महाराजांची तसबीर होती, आणि त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर असे काही होते की जे आम्ही मुलाखतीला बसलेल्या उमेदवारांच्या चेहऱ्यांवर पुष्कळदा पाहिले आहे. आम्ही म्हणालो, ‘होय. आपण सारे एकच.’

त्यांनी आम्हांस मिठी मारली. कोणी तरी ते मोबाइलवर टिपत होते.

परतीच्या बसमध्ये कर्नालपासून अंबाल्यापर्यंत ती बोलली नाही. अंबाल्याच्या स्थानकावर चहा घेताना म्हणाली, ‘तुम्हांला हे ठाऊक आहे का, की ते खरे आहे?’

‘ठाऊक नाही. पण त्यांना बरे वाटले.’

‘इबेटसन आला तेव्हाही कोणा म्हाताऱ्याने त्याला बरे वाटेल असेच काही सांगितले असेल. त्याने ते लिहून घेतले. मी तीन वर्षे घरात एकच वाक्य सांगते आहे, की पुरावा पुरेसा नाही, आणि तरी मी तुमचीच मुलगी आहे. आता बाबा म्हणतील, परका माणूस मानतो आणि पोटची पोर दाखला मागते.’

नेमके तसेच झाले. ते चित्रण तीन गावांत फिरले, आणि त्याखाली ‘महाराष्ट्र शासनाच्या मोठ्या अधिकाऱ्याची कबुली’ असे कोणी लिहिले. आम्ही केंद्र सरकारचे लिपिक. आचरण नियमांच्या भीतीने दोन रात्री झोप लागली नाही, हे कबूल करतो. पण ती भीती ओसरल्यावर खाली जे उरले ते अधिक टोचणारे होते. ज्या गोष्टीचा दाखला देण्याचा आम्हांस अधिकार नव्हता, तिच्यावर आम्ही सही केली होती, आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणाला भरावी लागत होती. आमच्या कचेरीत हाच अपराध एखाद्या कनिष्ठाने केला असता तर आम्ही ज्ञापनाचा मसुदा स्वतः केला असता.

दोन रविवार ती आली नाही. कन्येने पाढे म्हणण्याचे सोडून दिले. तिसऱ्या रविवारी आम्ही तिच्या वडिलांस फोन लावला आणि जे म्हणावयाचे होते ते म्हटले: की आम्ही इतिहासाचे जाणकार नव्हे, त्या दिवशी बोललो ते प्रेमाने बोललो, आणि खरे काय ते आपल्या मुलीस विचारावे, तिचा अभ्यास आमच्याहून फार मोठा आहे. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्यांनी आमच्या मुलीची प्रकृती विचारली. गव्हाला यंदा पाऊस बरा झाला, असे सांगितले. आम्ही बरे म्हटले.

चौथ्या रविवारी ती आली, आणि या वेळी वहीच्या मागल्या बाजूने उघडली. दीर्घ कविता होती, शीर्षक ‘और’. एक अधिकारी गावोगाव फिरून एकच प्रश्न विचारतो, आणि प्रत्येक पिढी त्याला ‘दुसरा कोणी’ असे उत्तर देते. रकाना भरत जातो, माणूस रिकामा राहतो. शेवटी मुलगी स्वतःच ती नोंदवही घेऊन बापापुढे उभी राहते, आणि प्रश्न विचारण्याआधी कागद उलटा करते. आम्हांस कवितेतले फारसे कळत नाही, पण त्या कागदाशी आम्ही थांबलो. ‘याचे मराठी करून द्याल?’ तिने विचारले. ‘एका अटीवर. हम जेथे जेथे आहे तेथे आम्ही की आपण, ते मला विचारून लिहावयाचे.’

कवितेत ‘हम’ अकरा वेळा आहे. दहांचा निकाल महिनाभरात लागला. तिच्या गावच्या लोकांपुरते जेथे होते तेथे ‘आम्ही’, आणि बाप-लेकींच्या संवादात ‘आपण’. अकरावा राहिला. पानिपतच्या मैदानात संध्याकाळ होते, मेलेल्यांची नावे घेणारे कोणी नाही, आणि कविता म्हणते, त्यांच्यानंतर ‘हम’ आहोत. येथे ‘आम्ही’ लिहावे तर आम्ही त्या ओळीतून बाहेर पडतो. ‘आपण’ लिहावे तर अंगणातला अपराध पुन्हा होतो. तो कागद पंधरा दिवस आमच्या टेबलाच्या काचेखाली पडून होता. कन्येने तो एकदा वाचला आणि म्हणाली, ‘बाबा, आपण लिहा की. ताई आपल्याकडेच तर जेवते.’ तिसरीतल्या मुलीचा हा पुरावा आम्हांस ग्राह्य वाटला, आणि आम्ही पेन्सिलीने ‘आपण’ लिहिले.

रविवारी ती जेवावयास बसली असताना तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने उजव्या हाताची भाकरी खाली ठेवली, डाव्या हाताने पेन्सिल घेतली, ‘आपण’ खोडले आणि वर ‘आम्ही’ लिहिले, जरा वाकडे. मग ते पाहात राहिली. रबर मागितले, कन्येने आणून दिले. रबर तिने वापरले नाही, ताटाशेजारी ठेवून दिले.

सौभाग्यवतीने तव्यावरची भाकरी उचलीत विचारले, ‘और?’

तिने ताट पुढे केले.